उजेडाचा हट्ट

हर्ण्यात सगळ्यात जोरदार टॉर्च माझ्याकडे आहे, याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. खोक्यावरचा ४,००० ल्यूमेनचा आकडा मला पाठ होता आणि कोणी विचारलं नाही तरी मी तो सांगायचो. रात्री फत्तेगडाच्या बाजूला उभा राहून झोत सुवर्णदुर्गाच्या तटापर्यंत पोचतो का ते बघायचो. बंदरावरच्या खलाशांच्या कपाळावरचे छोटे हेडटॉर्च दिसले की मनात यायचं, यांना चांगला उजेड कशाला म्हणतात हेच ठाऊक नाही. तोंडाने कधी बोललो नाही, पण समजत तसंच होतो. ते लपवायचं असेल तर हे लिहिण्यात अर्थ नाही.

हट्टाच्या मुळाशी भीती होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. वाड्यांमधले माड आणि पोफळी आडव्या झाल्या, छपरं उडाली, विजेचे खांब पडले. त्यानंतर कित्येक दिवस वीज नाही, फोनला रेंज नाही. आईला रात्री उठावं लागायचं. मेणबत्ती वाऱ्याने विझायची आणि घरातला जुना टॉर्च दोनदा आपटल्याशिवाय लागायचा नाही. आई भिंत धरत चालायची आणि मी काळोखात तिच्या पावलांचा आवाज ऐकत राहायचो. पुन्हा अशी वेळ आली तर घरात दिवसासारखा उजेड करीन, असं तेव्हाच ठरवलं होतं. टॉर्च घेतला आणि ती भीती झाकली गेली. झाकलेली भीती पुढे तोऱ्यासारखी दिसायला लागली.

मग एका ऑक्टोबरात अवकाळी वारं सुटलं. आमच्या बंदरात बोटींना धड आडोसा नाही. समुद्र खवळला की बोटी आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन लावाव्या लागतात, आणि त्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला असतो. त्या रात्री ओळखीच्या एका तांडेलांची, म्हणजे खलाशांच्या म्होरक्यांची, बोट खाडीत शिरली खरी, पण तिच्या पंख्यात दोर गुंतला. ओहोटी लागली तशी बोट चिखलावर टेकली. भरतीच्या आत दोर काढायलाच हवा होता, नाहीतर पाणी चढल्यावर बोट कुठे जाऊन आदळेल याचा नेम नव्हता. त्यांच्या मुलाने मला बोलावलं, कारण मोठा दिवा माझ्याकडे. मी धावत गेलो.

खलाशी गुडघाभर चिखलात वाकून पंख्याखाली सुरी चालवत होता. मी समोर उभा राहिलो आणि टर्बो, म्हणजे टॉर्चची सगळ्यात जोरदार पातळी, लावला. सगळं लख्ख झालं. ओला चिखल, बोटीचा फायबर आणि पितळी पंख्याची पाती असं सगळं एकदम पांढरं चमकायला लागलं. मला वाटलं, आता काम झालंच. खलाशाने मात्र सुरीचा हात थांबवला आणि दुसरा हात डोळ्यांवर धरला. "दादा, समोरून नको मारू. काय दिसत नाय." मला त्याचं बोलणंच कळेना. इतका उजेड आहे आणि दिसत नाही म्हणजे काय? मी एक पाऊल पुढे सरकलो. म्हणजे त्याच्या डोळ्यांत आणखी मारला.

मिनिटभरात हातातलं ॲल्युमिनियम चटका बसेल इतकं तापलं आणि उजेड आपोआप खाली आला. मी पुन्हा टर्बो दाबला, तो पुन्हा उतरला. तेवढ्यात तांडेल बोटीवरून उतरले. कपाळावरचा हेडटॉर्च त्यांनी काढून हातात घेतला, मंद केला आणि पात्याच्या अगदी जवळ, चिखलाच्या पातळीवर, आडवा धरला. माझा टॉर्च मी बंद केला होता. पात्याला आवळून बसलेल्या दोराचा एकेक पीळ स्वतःच्या सावलीसकट उठून दिसायला लागला. कुठला फेरा वर, कुठला खाली, कुठून कापला तर सुटेल, हे चिखलात न उतरलेल्या मलासुद्धा कळत होतं. माझ्या झोतात सावल्याच नव्हत्या, म्हणून दोर आणि पातं एकच झालं होतं. खलाशाने दोन ठिकाणी कापलं आणि दोर ओढून काढला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी घरी जाऊन चांगला हेडटॉर्च शोधायला लागलो असतो. पण पंखा मोकळा झाल्यावर तांडेल खाडीच्या तोंडाकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मी विचारलं, काय बघताय? ते म्हणाले, "बघतोय कुठे. डोळे दिपलेत. पाण्याची रेघ दिसायला अर्धा तास जाईल आता." आवाजात राग नव्हता. मागून आणखी दोन बोटी आत यायच्या होत्या आणि लाट कुठे फुटते हे बघून त्यांना हाक द्यायची होती. ते काम काळोखातच होतं. त्यासाठी जे डोळे त्यांनी रात्रभर काळोखाला सरावून ठेवले होते, ते मी एका बटणाने घालवले होते. बोटी सुखरूप आल्या. त्यात माझं काही नव्हतं. मी मदतीला गेलो आहे असं समजत होतो. खरं म्हणजे माझा दिवा दाखवायला गेलो होतो.

अर्ध्या तासाचं त्यांचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशींमधलं रंगद्रव्य तीव्र प्रकाशाने विरतं आणि ते पुरेसं भरून यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मी खोक्यावरचे आकडे पाठ केले होते, डोळ्यांचा हा साधा हिशेब मला माहीत नव्हता.

मग मी आकडेही पहिल्यापासून वाचले. ल्यूमेन म्हणजे टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून किती उजेड बाहेर पडतो ते. तो लांब जाणार की जवळच पसरणार, हे कॅन्डेलावर ठरतं. टॉर्चचा पल्ला मोजायचा जो ठरलेला नियम आहे, त्यात कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करतात. माझा टॉर्च १०,००० कॅन्डेलाचा, म्हणजे पल्ला २०० मीटर. त्या २०० मीटरवर पडणारा उजेड पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. सुवर्णदुर्ग त्याच्या पलीकडे आहे. तटावर मी जे बघत होतो ते चांदणंच असणार. ४०,००० कॅन्डेलाचा टॉर्च फक्त १,००० ल्यूमेनचा असला तरी ४०० मीटर मारतो. आमच्या कनकदुर्गावर दीपगृह आहे आणि ते मी जन्मापासून बघतोय. दीपगृहाची सगळी करामत भिंगात असते, ही गोष्ट फ्रेनेलने १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहात दाखवून दिली. इतक्या जवळ असून त्यातून मी काही शिकलो नाही.

टर्बो का उतरतो तेही तेव्हा कळलं. एलईडीला जितका जास्त करंट द्यावा तितका त्यातला अधिक भाग उष्णतेत जातो. टॉर्च स्वतःला वाचवायला उजेड कमी करतो. तो बिघाड नाही, पण मी तो बिघाड समजून पुन्हा पुन्हा बटण दाबत होतो. मधल्या पातळीवर तोच टॉर्च तासन्‌तास एकसारखा चालतो. शिवाय उजेड निम्मा केला तरी डोळ्याला तो निम्मा वाटत नाही, थोडासा कमी वाटतो. धुक्यात आणि पावसात तर जोर जितका जास्त तितकी समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथेही टॉर्च कमरेशी धरून मंद ठेवलेला बरा.

टॉर्च उघडला तेव्हा आणखी शरम वाटली. आत एकामागे एक जोडलेले तीन १८६५० सेल. त्यांतला एक मी बाजारातून स्वस्तात आणलेला, वर ९,९०० एमएएच लिहिलेलं. या मापाच्या चांगल्या सेलमध्येही साधारण ३,५०० च मावतं. भार पडला की त्या एका सेलचं व्होल्टेज कोसळायचं आणि बाकीचे दोन त्याला ओढत बसायचे. असे कमीजास्त सेल एकत्र घालणं धोक्याचंही असतं, ते तापून फुटू शकतात, आणि हा टॉर्च मी आईच्या उशाशी ठेवत होतो. मागच्या टोपीच्या आट्यांवर खाऱ्या हवेने काळपट थर धरला होता. करंट त्याच धातूतून जातो, तर जोर येणार कुठून? वर मी खोबरेल तेलाचं बोट लावलेलं, त्यात पुळणीची वाळू चिकटलेली. कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून आटे पुसले तेव्हा काडी काळीकुट्ट निघाली. रबरी रिंगेला आता सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात देतो, आणि तिन्ही सेल एकाच बनावटीचे, एकाच वेळी घेतलेले वापरतो. काचेवरचा मिठाचा थर ओल्या फडक्याने पुसला, तेवढ्यानेही झोत सुधारला.

जोरदार दिव्यांवर आमच्या बंदरात आधीपासूनच राग आहे आणि तो मला उशिरा समजला. एलईडी लावून मासळी ओढण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी चोरून तसं चालतं आणि छोट्या बोटीवाल्यांच्या वाट्याला रिकामी जाळी येतात. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं निघतात तेव्हा पांढऱ्या उजेडाने ती समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. हे सगळं आजूबाजूला बोललं जात होतं. दिवा दुसऱ्याचं काहीतरी घेतो, हे मला तांडेलांचे डोळे दिपल्याशिवाय कळलं नाही, याचं वाईट वाटतं.

टॉर्च विकलेला नाही. पाण्यात पडलेला माणूस शोधायची वेळ आली तर टर्बोचं ते एक मिनिट मोलाचं ठरेल, आणि ते कोणाच्या डोळ्यांत मारायचं नाही एवढं आता कळतं. भीतीही पुरती गेलेली नाही. वादळाचा इशारा आला की मी अजून सगळे सेल चार्जला लावतो, प्रत्येक ४.२ व्होल्टपर्यंत भरला का ते मीटरने बघतो. मग तांडेलांच्या घरी जाऊन त्यांच्या हेडटॉर्चचा सेलही बघून येतो. परवा त्यांनी स्वतःच तो माझ्याकडे पाठवला, आटे पुसून द्या म्हणून.