उसनी ऊब

इंदूरहून महूमार्गे मानपूरकडे जाताना उजव्या हाताला जानापावचा डोंगर दिसू लागतो. चंबळ नदी याच डोंगरात उगम पावते आणि परशुरामाचे जन्मस्थान म्हणून कार्तिकी पौर्णिमेला येथे जत्रा भरते. या डोंगराच्या अलीकडे आमची दीड एकर जमीन आहे. तीत दोन खोल्यांचे कौलारू घर, एक विहीर, सीताफळाची अकरा झाडे आणि एक खुराडे एवढाच पसारा. नोकरीतून मोकळे झाल्यावर, २०१६ साली, आम्ही उभयता आणि आमच्या वृद्ध मातोश्री इंदूरचे बिऱ्हाड आवरून येथे राहावयास आलो. भाजीपाला करावा, एखादी गाय बाळगावी, एवढाच बेत होता. कोंबड्यांचा विचार त्यात मुळीच नव्हता. आमच्या घराण्यात अंडे हा शब्दसुद्धा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच उच्चारला जाई!

कोंबड्या आल्या त्या विंचवांमुळे. पहिल्या पावसाळ्यात घरात इतके विंचू निघाले की, शेजारच्या पाड्यावरील गड्याने आपण होऊन सहा गावठी कोंबड्या आणून सोडल्या. दोन महिन्यांत अंगणातील विंचू, गोम, वाळवी यांचा बंदोबस्त झाला आणि मातोश्रींचा विरोधही निवळला. त्यांनी एकच अट घातली: "तुळशीवृंदावनापाशी येता कामा नयेत." ही अट कोंबड्यांनी एक दिवसही पाळली नाही. पुढे मातोश्रीच तांदूळ निवडताना कणी बाजूला काढून ठेवू लागल्या.

ज्यांनी कोंबड्या पाळल्या नाहीत त्यांना त्यांच्या दिनक्रमातील काटेकोरपणाची कल्पना येणार नाही. तांबडे फुटताच खुराड्याचे दार उघडावे लागते. उशीर झाला तर आतून तक्रार सुरू होते. मग शेणखताच्या ढिगावर उकराउकरी, नऊच्या सुमारास अंडी घालण्याची लगबग, दुपारी चुलीच्या राखेत अंघोळ. राखेत लोळल्याने अंगावरील उवा-पिसवा मरतात, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. आकाशात शिकरा दिसला की कोंबडा एक विशिष्ट आवाज काढतो आणि क्षणात अंगण रिकामे होते. दिवेलागणीला सगळ्या आपापल्या दांडीवर ठरलेल्या जागी जाऊन बसतात. मग आम्ही त्या मोजतो, कडी घालतो आणि कडीत खुंटी अडकवतो, कारण नुसती कडी मुंगसाला पुरत नाही. अंड्यांची फुटकी टरफले कुटून पुन्हा त्यांनाच घालावी, म्हणजे पुढच्या अंड्याचे कवच टणक होते. हिवाळ्यात दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. त्यात कोंबडीचा आळस नसतो. उजेडाचे तास कमी पडतात, एवढेच.

२०१९ च्या पावसाळ्यात आम्ही चार कडकनाथ कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. झाबुव्याच्या या काळ्या कोंबडीचे नाव तेव्हा सर्वांच्या तोंडी होते. २०१२ साली केलेल्या अर्जावर २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले होते. छत्तीसगडातील दंतेवाड्यानेही हक्क सांगितला होता, पण मान झाबुव्याला मिळाला. या पक्ष्याची पिसे काळी, तुरा काळा, जीभ काळी, हाडे आणि मांसही काळसर. शरीरातील काळे रंगद्रव्य आतल्या पेशींपर्यंत उतरल्यामुळे असे होते. अंडे मात्र काळे नसते. ते फिकट, दुधात थोडा चहा पडावा तशा रंगाचे असते. कडकनाथच्या कीर्तीचा धंदाही लगेच झाला. त्याच वर्षी सांगली-कोल्हापूरकडे भरघोस परताव्याच्या आमिषाने शेकडो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. आमचा एक मावसभाऊ त्यांत होता. त्याने फोनवर विचारले, "दादा, ही कोंबडी खरोखर असते तरी का रे?"

कोंबडी होती. ती अंडीही घाली. पण ती अंड्यांवर बसेना! गावठी कोंबडी पंधरा-वीस अंडी घातल्यावर खुडूक होते, छातीची पिसे उपटून उघड्या कातडीची ऊब अंड्यांना देते आणि एकवीस दिवस जागची हलत नाही. आमच्या काळ्या बायका अंडे घालून, मोठ्याने डांगोरा पिटून, मागे न पाहता निघून जात. तोवर आमच्या जुन्या गावठी कोंबड्याही वयाने थकून खुडूक होईनाशा झाल्या होत्या. वर्ष उलटले तरी एक पिल्लू निघाले नाही. यंत्र आणावे तर आमच्याकडे विजेचा भरवसा नाही. जेथे ही जात शतकानुशतके टिकली, तेथील लोक काय करतात ते पाहून यावे, असे ठरवून २०२० च्या दिवाळीनंतर आम्ही झाबुव्यास निघालो.

घाटाबिल्लोदला चंबळ पुन्हा भेटली. घराजवळ उडी मारून ओलांडता येणारी ही नदी तेथे पुलाखालून वाहताना पाहिली की, ओळखीचे मूल मोठे झालेले पाहिल्यासारखे वाटते. पुढे धार लागले. पवारांची ही राजधानी. दुसरे बाजीराव पेशवे १७७५ साली येथील किल्ल्यातच जन्मले. किल्ल्याची लाल तटबंदी पाहून मातोश्रींनी गाडीतूनच नमस्कार केला. तो नेमका कोणाला, ते आम्ही विचारले नाही. सरदारपुरापाशी मही ओलांडली, राजगड मागे पडले आणि माछलिया घाट उतरताना माळव्याची काळी माती संपली. पुढे मुरमाड टेकड्या, ताडाची झाडे आणि टेकडीटेकडीवर एकेकटे घर.

आपल्या मराठी खेड्यात घराला घर लागून असते. भिलांच्या फळियात तसे नाही. प्रत्येकाचे घर त्याच्या स्वतःच्या शेतात, शेजाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. रानापूरच्या वाटेवरील ज्या घरी ओळखीच्या एका शिक्षकांनी आम्हांला नेले, तेथे बांबूच्या ताट्या शेणमातीने लिंपलेल्या होत्या, वर कौले आणि आढ्याला मक्याची कणसे टांगलेली. घरी एक आजीबाई, त्यांची सून आणि नातू. मुलगा गुजरातेत बांधकामावर. टाळेबंदीत तो पायी परत आला होता आणि पोटासाठी पुन्हा गेला होता.

अंगणात वीस-पंचवीस पक्षी होते; काळे, करडे, तांबडे, सगळे मिसळून. आजीबाई भिलीत बोलत, नातू हिंदीत सांगे. कोंबडी ही त्या घरची तिजोरी होती. मीठ-तेल संपले, पोराला ताप आला, की एक पक्षी आठवड्याच्या हाटात जाई. पूजेला काळा कोंबडा लागे आणि पाहुण्यालाही तोच. हे सांगता सांगता त्यांनी नातवाला खूण केली आणि तो अंगणातील सर्वांत मोठ्या कोंबड्यामागे धावला.

आमच्या लक्षात येईपर्यंत कोंबडा त्याच्या हातात होता. आम्ही घाईने म्हणालो, "माँजी, आम्ही मांस खात नाही." अंगण एकदम शांत झाले. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या हातचे आम्हांला चालत नाही, असाच अर्थ त्यांनी घेतला असावा. आणि आपल्यासारख्या मंडळींनी तसा अर्थ घेण्याजोगे वर्तन पिढ्यान् पिढ्या केलेले आहे, हे कसे नाकारावे? तेव्हा मातोश्री उठल्या. सोवळ्याओवळ्यात जन्म काढलेली ही चौऱ्यांशी वर्षांची बाई चुलीपाशी जाऊन बसली आणि हिंदीत म्हणाली, "मुझे मके की रोटी दो. भूक लगी है." मक्याची जाड भाकरी, उडदाची डाळ आणि लसणीची चटणी आम्ही सर्वांनी पोटभर खाल्ली. कोंबडा अंगणात परतला. आजीबाई हसल्या आणि मगच आमचा प्रश्न ऐकून घेतला.

उत्तर म्हणून त्यांनी आम्हांला घरात नेले. कोपऱ्यात मातीच्या पाटीत भुशावर एक ठिपक्याठिपक्यांची तांबूस गावठी कोंबडी फुगून बसली होती. तिच्या खाली बाराही अंडी काळ्या कोंबडीची होती. काळी घालते, तांबडी उबवते, इतके साधे! झाबुव्यात १९७८ पासून सरकारी केंद्रातही या जातीचे संवर्धन होत आहे. यंत्रे आली आहेत. पण त्यापूर्वी ही जात टिकली ती दुसऱ्या कोंबडीच्या पंखाखाली.

निघताना त्यांनी तसलीच एक तरुण कोंबडी डालग्यात घालून आमच्या गाडीत ठेवली. पैसे पुढे केले तर त्यांनी हात मागे घेतला. नातवाने रीत समजावली: पिल्ले निघून वाढली की दोन तलंगा आणून द्यायच्या. तेथे कुणा एकाच्याने न उरकणारे काम निघाले की तो हलमा बोलावतो. सारे येतात, काम करतात, मजुरी कुणी मागत नाही. मदत परत करायची असते, तिची किंमत करायची नसते. आम्ही शब्द दिला.

ही कोंबडी नोव्हेंबरच्या अखेरीस खुडूक झाली. तिच्याखाली आमची दहा अंडी ठेवली. आठव्या रात्री अंधारात एकेक अंडे बॅटरीसमोर धरून पाहिले. आठांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, दोन कोरी निघाली. एकविसाव्या दिवशी सात काळी पिल्ले बाहेर आली. तांबड्या आईच्या पंखातून सात काळी डोकी बाहेर आलेली पाहून मातोश्री म्हणाल्या, "हिला ठाऊक नसेल का रे, ही आपली नव्हेत म्हणून?" आम्हांला उत्तर सुचले नाही. पण आम्हां माळव्यातील मराठी माणसांच्या मनात एक विचार आल्यावाचून राहिला नाही. होळकर-पवारांच्या मागोमाग आमचे पूर्वज येथे आले, त्यांना या भूमीने वाढविले, आणि ती परकी म्हणून कधी जाणवली नाही.

पिल्ले दहा-बारा दिवसांची झाली आणि बातमी आली. इंदुरात कावळे मरून पडत होते. २०२१ च्या जानेवारीत बर्ड फ्लू मध्य प्रदेशात पसरला. झाबुवा जिल्ह्यातही एका फार्मवर रोग सापडून पक्षी मारावे लागले. आम्ही खुराड्याला बारीक जाळी मारली, दाराशी चुना टाकला, चपला वेगळ्या ठेवल्या. आमचे सगळे पक्षी वाचले, फक्त एक पिल्लू थंडीने गेले. पुढे एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाची दुसरी लाट आली. तिने आमच्या परिचयातील किती माणसे नेली, त्याची मोजदाद येथे नको. दिलेला शब्द तसाच राहिला.

दसरा झाल्यावर आम्ही पुन्हा माछलिया घाट उतरलो. डालग्यात अंड्यावर आलेल्या दोन काळ्या तलंगा होत्या आणि ती तांबडी कोंबडीही होती. आजीबाई अंगणात बसल्या होत्या. अंगण मात्र रिकामे होते. हिवाळ्यातच सगळे पक्षी एका आठवड्यात माना टाकून मेले होते. कुणी म्हणे मानमोडी, कुणी म्हणे तो नवा रोग. त्यानंतर सुनेच्या दुखण्यात पैसा गेला आणि नवे पक्षी घेणे झाले नाही.

आम्ही डालगे उघडले. आजीबाईंनी एकेक तलंग उचलली, पंखाखाली हात घालून वजन पाहिले, चोच उघडून काळी जीभ पाहिली आणि जमिनीवर सोडली. रिकाम्या अंगणात ताबडतोब उकराउकरी सुरू झाली. तांबडी कोंबडी मात्र त्यांनी परत डालग्यात घातली. आम्ही म्हणालो, "माँजी, हिच्यावाचून या काळ्यांची अंडी उबवणार कोण?" नातवाने त्यांचे उत्तर सांगितले: खुडूक कोंबडी फळियात कुणाकडूनही उसनी मिळते, ही तुमच्याकडे रुळली, तिच्या लेकी झाल्या की एक पाठवा.

आमचे चिरंजीव पुण्यास असतात. जानापावच्या बाजूला जमिनीचे भाव चढले आहेत, आता विकून टाका आणि आमच्याकडे या, असे त्यांनी त्याच वर्षी सुचविले होते. सूचना प्रेमाची होती आणि हिशेबाने बरोबरही होती. परतीच्या वाटेवर घाटाबिल्लोदच्या पुलावर आम्ही मातोश्रींचे मत विचारले. त्या मांडीवरील डालग्याकडे पाहत म्हणाल्या, "आधी हिची लेक झाबुव्याला पोहोचती करा. मग बघू."

पुढच्या उन्हाळ्यात ती लेक आम्ही पोहोचती केली. येताना डालग्यात एक काळे पिल्लू होते. जमीन अजून विकलेली नाही.