काटा मधोमध आला की

जुन्या बुलेटला किक मारायला ताकद लागते, असं ती कधी न चालवलेली माणसंच सांगतात. लागायचा तो अंदाज. ३४६ सीसीचा एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन आणि त्याची ९० मिलिमीटरची धाव. पिस्टन कंप्रेशनवर अडला, की तालमीतला गडी किकवर उभा राहिला तरी ती हलायची नाही.

त्याची एक रीत होती. पेट्रोलचा कॉक उघडायचा, थंडी असेल तर चोक द्यायचा, चावी फिरवायची आणि अ‍ॅमीटरवर नजर ठेवून किक हळूहळू दाबत न्यायची. इग्निशनचे पॉइंट उघडले की झुकलेला काटा मधोमध येतो. तिथंच थांबायचं. डाव्या मुठीजवळची डिकंप्रेशनची बारकी दांडी ओढायची, म्हणजे एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उचलला जाऊन कोंडलेली हवा फुस्सकन निघून जाते. किक जराशी पुढं सरकवायची, दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगाचं सगळं वजन टाकून एकदाच, पार खालपर्यंत. अर्धवट मारली तर ती उलटी यायची. पोटरीला बसलेला तो तडाखा आठवडाभर सोबत करायचा.

आमच्या साताऱ्यात अण्णांची बुलेट दारात उभी असायची, चावीसकट. कुणी मागितली तर म्हणायचे, “न्या की, चालू झाली तर न्या.” मला शिकवताना मात्र ते फारसं बोलले नाहीत. माझा पाय किकवर, त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आणि एकच प्रश्न, “लागलं का?” पिस्टन कुठवर आलाय हे तळपायाला कळलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. काही दिवसांनी काट्याकडं बघायची गरज उरली नाही. लोखंडाच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी काय चाललंय ते पायाला समजतं, हा आनंद मला पुढं दुसऱ्या कुठल्या यंत्रानं दिला नाही.

आमच्या मिस्त्रींचा हात तर त्याहून तयार. पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचे आणि इंजिन हातानं बारीक बारीक फिरवायचे. कागद अलगद सुटला, की ते टायमिंग. शेजारच्यांची म्हैसूरची जावाही तेच बघायचे. तिची तऱ्हा निराळी होती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं आणि किक वळवली की तीच गिअरची दांडी व्हायची. आमच्या बुलेटचे गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली.

ही बुलेट बनवणारी एनफिल्ड इंडिया १९५५ साली मद्रासला उभी राहिली ती लष्कराच्या मागणीच्या जोरावर. इंग्लंडातला मूळ कारखाना पुढं बंद पडला, पण बिडाच्या सिलिंडरचं ते इंजिन आपल्याकडं या शतकातही बनत राहिलं.

२०२३ च्या नव्या बुलेटला किक नाही. बटण दाबलं की झालं. इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळं हातांना मुंग्या येत नाहीत, नट ढिले होत नाहीत. गाडी उत्तम आहे, मी चालवून पाहिली. खंबाटकीच्या चढावर, मागं ट्रकांची रांग असताना जुनी गाडी बंद पडली, की काय होतं ते मला ठाऊक आहे, म्हणून बटण आलं याचं मुळीच वाईट वाटत नाही. किक काढून टाकली याचं वाटतं. मधली कितीतरी वर्षं एकाच गाडीला दोन्ही मिळत होतं आणि तेच बरोबर होतं. घाई असेल त्यानं बटण दाबावं, ज्याला इंजिन समजून घ्यायचंय त्यानं पाय लावावा. आता नव्या पोराला डिकंप्रेशन कशाशी खातात हे कळायला वावच उरला नाही.

अण्णांची बुलेट माझ्याकडं आहे. मिस्त्री थकलेत, पण त्यांचा मुलगा पॉइंट तसेच कागदानं लावतो. कऱ्हाड, कोल्हापूरहून लोक जुन्या गाड्या घेऊन त्याच्याकडं येतात. दिवाळीच्या आत मला नवे पॉइंट आणि क्लचप्लेटा घालून घ्यायच्यात, म्हणून नंबर लावून ठेवलाय.