विचारायला कसली लाज?



आम्ही दोघी नणंद-भावजय. मुंबईला नर्सिंग शिकून १९७३ साली एकत्रच इस्राएलला आलो आणि पुढे पुष्कळ वर्षे एकाच हॉस्पिटलात ड्यूटी केली. लेखणी भावजयीच्या हातात असली तरी गोष्ट दोघींची आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो. विषय आहे कॉम्प्युटरचा. म्हाताऱ्यांनी लगेच पान उलटू नये, कारण शेवटी ही गोष्ट आपलीच निघाली. मुलांनी तर मुळीच उलटू नये.

गेल्या हिवाळ्यातली शुक्रवारची संध्याकाळ. किद्दूश झाला होता, ताटात नारळाच्या दुधातलं चिकन आणि भात. आमची नात एरवी दोनदा भात मागून घेते. त्या दिवशी ती नुसती शितं चिवडत बसली होती. बीरशेबाला एका कंपनीत तिला पहिली नोकरी लागली, त्याचा तो पहिलाच आठवडा. काय झालं म्हणून विचारलं तर डोळ्यांत पाणी.

"आजी, रविवारपासून गुरुवारपर्यंत पाच दिवस गेले, मी अजून एक ओळ लिहिली नाही. माझी हत्यारंच चालत नाहीत. बाकी सगळ्यांची चालतात. तीन महिने मला पारखणार आहेत. म्हणतील, हिला काही येत नाही."

आम्ही म्हटलं, आधी जेव, मग आम्हाला समजेल असं सांग. तिने अर्धं हिब्रूत, अर्धं मोडक्या मराठीत सांगितलं. आम्हाला कळलं ते असं.

आजकाल प्रोग्रॅम लिहिणारा माणूस सगळं स्वतः लिहीत नाही. आपण घरी मसाला कुटायच्या ऐवजी तयार पुडी आणतो ना, तसे जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेले तयार भाग असतात. त्यांना पॅकेज म्हणतात. ती पुडी आणून देणारी हत्यारं असतात: जावास्क्रिप्टवाल्यांचं एनपीएम, पायथनवाल्यांचं पिप. एक हुकूम दिला की हत्यार इंटरनेटवरच्या भांडारात जातं आणि पुडी घेऊन येतं. या पुड्यांवर किती काम अवलंबून असतं पाहा. २०१६ च्या मार्च महिन्यात एका माणसाने रागाने आपली सगळी पॅकेजं एनपीएमच्या भांडारातून काढून घेतली. त्यातलं एक फक्त ११ ओळींचं होतं. तेवढ्याने जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांची कामं काही तास अडली.

आता कंपनीच्या आतला कॉम्प्युटर थेट बाहेर जाऊ शकत नाही. दारावर पहारेकरी बसवलेला असतो. त्याचं नाव प्रॉक्सी. आम्हाला हे चटकन समजलं. वॉर्डातली नर्स औषध आणायला बाजारात पळत नाही. ती इंडेंट बुकात लिहिते, वही स्टोअरला जाते, स्टोअरवाले तपासून माल वर पाठवतात. प्रॉक्सी म्हणजे ते स्टोअर. बाहेरच्या मालाची पारख तिथे होते. आणि पारख हवीच. २०१८ साली एका नावाजलेल्या एनपीएम पॅकेजमध्ये लोकांच्या बिटकॉइन पाकिटावर डल्ला मारणारा चोरटा भाग घुसवल्याचं उघडकीस आलं होतं. पॅकेज खऱ्या भांडारातूनच येत होतं, माल मात्र नासवलेला. अशा गोष्टींमुळे कंपन्या दारं घट्ट लावतात. दाराच्या पहाऱ्याचा धंदा तर आपल्याच देशात वाढला. चेक पॉइंट ही कंपनी १९९३ साली इथेच सुरू झाली.

"मग तुझं अडलं कुठे?" आम्ही विचारलं. ती म्हणाली, तीन ठिकाणी.

पहिलं, पत्ता. तिच्या ब्राउझरमध्ये सगळ्या साइट उघडत होत्या, म्हणून इंटरनेट चालू आहे असं वाटायचं. पण ब्राउझर पहारेकऱ्याचा पत्ता कॉम्प्युटरच्या सेटिंगमधून घेतो, तर ही हत्यारं तिथे पाहतीलच असं नाही. ती सरळ भिंतीवर जाऊन आपटतात आणि वाट पाहून थकतात. त्यांना पत्ता वेगळा सांगावा लागतो: 'एचटीटीपी प्रॉक्सी' आणि 'एचटीटीपीएस प्रॉक्सी' अशा दोन नावांखाली, पुढे पोर्टचा नंबर. यातही एक खोच. दुसऱ्या नावात एस आहे म्हणून पत्ताही 'एचटीटीपीएस'ने सुरू करावा असं वाटतं, पण बहुतेक ठिकाणी तो साध्या 'एचटीटीपी'नेच सुरू होतो. यात तिचा एक दिवस गेला. शिवाय 'नो प्रॉक्सी' म्हणून तिसरी यादी असते, त्यात कंपनीच्या आतल्या कॉम्प्युटरांची नावं लिहायची. शेजारच्या खाटेवर जायला गेटपास कशाला?

दुसरं, ओळख. पहारेकरी नाव आणि पासवर्ड मागतो. नाही दिला तर ४०७ नंबरची चूक दाखवतो. हिने दिला, तरी ४०७. कारण हिच्या पासवर्डात '@' ही खूण होती, आणि पत्त्यात त्याच खुणेच्या पुढे मशीनचं नाव सुरू होतं. हत्यार बिचारं गोंधळलं. अशा वेळी त्या खुणेऐवजी '%४०' लिहायचं, पण इंग्रजी आकड्यांत. हे तिला रात्री दोन वाजता सापडलं. (मुलांनो, असा पासवर्ड फाइलमध्ये लिहिला तर ती फाइल कधीही दुसऱ्याला पाठवू नका.)

तिसरं मात्र सुटेना, आणि त्यातच खरी गोष्ट आहे.

भांडारातून येणाऱ्या प्रत्येक मालावर शिक्का असतो, त्याला सर्टिफिकेट म्हणतात. हत्यार तो शिक्का पाहून ठरवतं की माल खऱ्या दुकानातून आला. पण हिच्या कंपनीचा पहारेकरी पार्सल उघडून आत पाहतो, आणि पुन्हा बंद करताना लाखेचा शिक्का स्वतःचा मारतो. ब्राउझरला तो शिक्का आधीच ओळखीचा करून दिलेला असतो. हत्याराजवळ मात्र विश्वासू शिक्क्यांची आपली स्वतःची यादी असते, त्यात कंपनीचा नसतो. म्हणून ते म्हणतं, हा शिक्का मी ओळखत नाही, माल घेणार नाही. खरं सांगायचं तर हत्याराचं बरोबरच आहे.

"मग आता?" आम्ही विचारलं.

"बाजूला बसणाऱ्या मुलाने युक्ती सांगितली आहे. एनपीएमला सांगायचं, 'स्ट्रिक्ट एसएसएल' बंद. म्हणजे शिक्का बघूच नको. एका ओळीचं काम. रविवारी तेच करते."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. वन्संनी चमचा खाली ठेवला. पुढे जे सांगितलं ते पन्नास वर्षांत आम्ही घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

इथे आल्यावर पहिल्या वर्षीची गोष्ट. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, चूक आमची होती. उल्पान पुरं करून आम्ही नुकत्याच वॉर्डात लागलो होतो. हिब्रू वाचता येत होतं, पण कोणतं? सिद्दूरमधलं, छापील. हाताने लिहिलेली हिब्रू अक्षरं अगदीच वेगळी असतात, आणि घाईत लिहिलेली तर आम्हाला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत. हे आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. भारतातून आलेल्या नर्सेसना काही येत नाही, असं कुणी म्हणू नये म्हणून.

रात्रपाळीला एका पेशंटला रक्त द्यायचं होतं. नियम असा की दोन नर्सेसनी मिळून पिशवीवरची चिठ्ठी आणि पेशंटचा कागद ताडून पाहायचा: नाव, ओळखपत्राचा नंबर, रक्तगट. एकीने वाचायचं, दुसरीने पाहायचं, दोघींनी सही करायची. वॉर्डात एकाच आडनावाचे दोघे होते. चिठ्ठी हाताने लिहिलेली. आडनाव कसंबसं लागलं, पुढचं नाव लागेना. एकीला वाटलं दुसरीने वाचलं, दुसरीला वाटलं पहिलीने वाचलं. नंबरही शेवटपर्यंत ताडला नाही. मुख्य सिस्टर पलीकडच्याच खोलीत होत्या. विचारायला गेलो नाही. दोघींनी सही केली.

काही मिनिटांतच पेशंटला थंडी वाजून आली, अंग थडथड उडू लागलं, कंबर दुखते म्हणून तो ओरडू लागला. आम्ही रक्त तत्काळ बंद केलं, नवी नळी लावून सलाईन चालू केलं, डॉक्टरांना बोलावलं, पिशवी ब्लड बँकेत परत पाठवली. पिशवी दुसऱ्या आडनाववाल्याची होती. देवाच्या कृपेने माणूस वाचला. पण त्याची लघवी नीट होते की नाही हे आम्ही कितीतरी दिवस तासातासाला मोजत होतो, आणि रोज त्याची बायको आम्हाला "तोदा, तोदा" म्हणत होती. तिच्याकडे मान वर करून बघवत नव्हतं.

मुख्य सिस्टर रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "मला हाक मारली असती तर मी एका मिनिटात वाचून दाखवलं असतं."

नात गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "आजी, पण इथे कुणाच्या जिवाचा प्रश्न नाही."

वन्सं म्हणाल्या, "तुझी कंपनी काय बनवते?"

ती थांबली. तिच्या कंपनीचे प्रोग्रॅम दवाखान्यांत चालतात.

आम्ही तिला म्हटलं, हे बघ बाळा, पिशवी अडली तर अडू दे. अडलेली पिशवी कुणाला मारत नाही. पण तू एकदा हत्याराला सांगितलंस की शिक्का बघू नको, तर ते कुणाचाच बघणार नाही. पहारेकऱ्याचा नाही, आणि मध्येच कुणी चोर बसला तर त्याचाही नाही. पहिल्यांदाच आणलेली पुडी कुणी वाटेत बदलली तर हत्याराला कळायचं कसं? आणि अशी तात्पुरती केलेली गोष्ट परत नीट करायला कोण जातं? तो शेजारचा मुलगा गेला का? कंपनीचा शिक्का हत्याराला ओळखीचा करून देता येत नाही का?

"येतो," ती म्हणाली. "पण त्याची फाइल कंपनीच्या नेटवर्कवाल्यांकडून मागावी लागेल."

"मग माग की."

"म्हणतील, इंजिनिअर झाली आणि एवढंही येत नाही."

आम्हा दोघींना हसू आलं आणि रडूही आलं. पन्नास वर्षं झाली, आणि पोरगी तेच वाक्य बोलत होती.

रविवारी दुपारी तिचा फोन आला. ती नेटवर्कच्या खोलीत गेली आणि सरळ विचारलं. तिथल्या माणसाने दोन मिनिटांत फाइल दिली आणि म्हणाला, "पहिल्याच दिवशी का नाही आलीस? सगळे येतात." एनपीएमला 'सीए फाइल' म्हणून तिचा ठिकाणा सांगायचा, पिपला 'सर्ट' म्हणून, गिटलाही तसाच. (पिप आता सुधारलं आहे. २०२४ च्या २४.२ या आवृत्तीपासून, पायथन नवं असेल तर, ते कॉम्प्युटरची स्वतःची यादी आपणहून पाहतं.) फाइल मिळाल्यावर तिच्या हत्यारांनी भराभर पुड्या आणल्या. शिक्क्याची तपासणी चालूच राहिली.

त्याच माणसाने आणखी सांगितलं की कंपनीचं स्वतःचं आतलं भांडारही आहे. तपासलेली पॅकेजं तिथे साठवतात, म्हणजे दर वेळी बाहेर जायला नको. आमचं इंडेंटचं स्टोअरच की! अशी भांडारं बांधून देणारी जेफ्रॉग ही कंपनीसुद्धा २००८ साली इस्राएलमध्येच सुरू झाली, असं नातीने सांगितलं.

मग तिने दोन कामं केली. नव्या माणसांसाठी एक पान लिहिलं: पत्ता हा, पासवर्डातल्या खुणांचं असं करा, फाइल या खोलीत मागा, आणि तपासणी बंद करू नका. आणि शेजारच्या मुलाला ते पान दाखवलं. त्याची तपासणी दोन वर्षं बंदच होती. त्यानेही फाइल मागून आणली. तो कबूल झाला की त्यालाही विचारायची लाज वाटली होती.

ही गोष्ट छापायची की नाही यावर आमचं बरेच दिवस ठरेना. वन्सं म्हणाल्या, लिही. आपल्यातले पुष्कळ जण बँकेत, कुपत खोलीममध्ये, पेन्शनच्या ऑफिसात न वाचता मान हलवतात आणि सही करतात. हल्ली फोनवरही "इथे दाबा" असा मेसेज आला की दाबतात, कारण नातवंडांना विचारायचं तर ती हसतील. म्हाताऱ्यांनो, विचारा. मुलांनो, विचारलं तर हसू नका, आणि तुमचं अडलं तर तुम्हीही विचारा.

परवाच्या शुक्रवारी नात घरी आली होती. तीन महिन्यांची पारख संपली, नोकरी पक्की झाली. भात दोनदा मागून घेतला.