संगणकातील बंद पेटी

धन पुरून ठेवण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे, आणि पेंढाऱ्यांच्या धामधुमीत ती शहाणपणाचीही होती. पण हंडा कोठे पुरला हे पुरणारासच ठाऊक असे. तो अकस्मात गेला म्हणजे धन चोरास मिळत नसे हे खरे. परंतु ते पोरासही मिळत नसे. मग त्या धनावर भुजंग बसला आहे अशी कथा निघे, आणि घरची माणसे तिच्यावर समाधान मानीत. आपल्या संगणकातील कागदपत्रे कूटबद्ध करून निश्चिंत झालेले गृहस्थ पाहिले म्हणजे आम्हांस या भुजंगाची आठवण होते.

कूटबद्ध करणे म्हणजे मजकुराचे असे रूपांतर करणे, की किल्लीवाचून तो निरर्थक चिन्हांचा ढीग दिसावा. ही व्यवस्था भरवशाची आहे काय, असे आम्हांस पुष्कळदा विचारण्यात येते. या एका प्रश्नाच्या पोटात खरे पाहता दोन प्रश्न आहेत. परक्यास ही पेटी उघडता येईल काय, हा एक. आणि दहा वर्षांनी आपणांस ती उघडता येईल काय, हा दुसरा. लोक चिंता करतात ती पहिल्याची.

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. जोन डेमन व व्हिन्सेंट रायमेन या दोघा बेल्जियन पंडितांनी रचलेली पद्धत २००१ साली अमेरिकेच्या मानकसंस्थेने एईएस या नावाने स्वीकारली. तेव्हापासून जगभरचे गणिती तिच्याशी झुंजत आहेत. पण ती नीट वापरली असता फोडण्याचा व्यवहार्य मार्ग कोणास सापडलेला नाही. कुलूप उत्तम आहे. आमची तक्रार, असलीच तर, ते फार उत्तम आहे हीच आहे.

कागदाचा नाश हा हप्त्याहप्त्याने होत असतो. वाळवीने निम्मा खाल्लेला मोडी कागद उरलेल्या निम्म्यात काहीतरी बोलतो, आणि तो वाचून देणारा जाणकार पुण्यात आजही मिळतो. कूटबद्ध पेटीची प्रकृती निराळी. व्हेराक्रिप्ट या प्रसिद्ध प्रोग्रॅमचेच उदाहरण घ्या. त्याच्या पेटीच्या तोंडाशी अवघ्या ५१२ बाइटांचा एक मथळा असतो. आपला परवलीचा शब्द मजकूर उघडीत नाही. तो हा मथळा उघडतो, आणि मथळ्यात ठेवलेली मुख्य किल्ली मजकूर उघडते. पेटीच्या मध्यभागी एखादा बिट बिघडला तर सोळा बाइट जातात, म्हणजे एका पत्रातील दोन-चार शब्द. बाकी सारे शाबूत राहते. परंतु तेच संकट मथळ्यावर आले तर शब्द अचूक आठवत असूनही शेकडो गिगाबाइटांचा ऐवज माती होतो. कर्त्यांनी मथळ्याची एक प्रत पेटीच्या शेवटी ठेवली आहे, हा त्यांचा सुज्ञपणा. पण तीही त्याच डिस्कवर. म्हणून मथळ्याची प्रत काढून निराळ्या जागी ठेवणे अगत्याचे आहे. (जुन्या प्रतीस जुनाच परवलीचा शब्द लागतो, हे शब्द बदलणारांनी विसरू नये.) सगळ्यांत हास्यास्पद नाश याहून सोपा असतो. सबंध कूटबद्ध केलेली डिस्क जोडली म्हणजे विंडोज तिला ओळखीत नाही व ‘ही फॉरमॅट करावी काय?’ असे अदबीने विचारते. आणि कोणीतरी भला माणूस तितक्याच अदबीने ‘होय’ म्हणतो.

कुलूप करणारांचाही भरवसा धरता येत नाही. ट्रूक्रिप्ट हा प्रोग्रॅम २००४ पासून असंख्य लोक वापरीत होते. मे २०१४ मध्ये त्याच्या अनाम कर्त्यांनी, हा वापरणे सुरक्षित नाही, एवढे लिहून दुकान बंद केले. लोकवर्गणीतून चाललेली तज्ज्ञांची तपासणी एप्रिल २०१५ मध्ये पुरी झाली. काही उणिवा निघाल्या, पण मुद्दाम ठेवलेले चोरदार निघाले नाही. त्याच्याच बीजापासून वाढलेला व्हेराक्रिप्ट जुन्या पेट्या उघडीत असे. परंतु २०२३ च्या आवृत्तीपासून त्याने तेही सोडले. आता त्यांसाठी मागची आवृत्ती शोधावी लागते.

हे सारे हौशी मंडळींपुरते असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण हल्ली कुलूप न मागता बसते. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून पुष्कळ नव्या यंत्रांवर मायक्रोसॉफ्टचे खाते जोडताच डिस्क आपोआप कूटबद्ध होते, आणि ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. आमचे एक स्नेही निवृत्तीनंतर अकरा वर्षे आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत जमवीत होते. ते गेले. दोन महिन्यांनी लॅपटॉप बंद पडला. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलला, आणि यंत्राने ते ४८ अंक मागितले. अंक खात्यात, खाते उघडण्यास मोबाइलवरील ओटीपी, आणि मोबाइलचा नंबर मुलाने, आता बिल कशास भरा, म्हणून बंद केलेला. आम्ही दोन संध्याकाळी त्या घरी बसून त्यांच्या वह्यांची पाने उलटली. पणजोबांच्या विहिरीचा दावा सापडला. अंक सापडले नाहीत. “भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “हे एवढं कोणापासून लपवलं होतं त्यांनी?” त्यांनी काहीच लपवले नव्हते. कुलूप आहे हे त्यांनाही ठाऊक नसावे.

तेव्हा कुलूपच नको, असे म्हणणारांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. आगगाडीत लॅपटॉप चोरीस गेला तर बँकेचे कागद व आधारच्या प्रती चोराच्या हाती पडू नयेत हे उघड आहे. पण कुलवृत्तांतास कुलूप कशास? ज्या कागदाचे मोल तो इतरांनी वाचण्यात आहे, त्याची एक उघडी प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी, व छापील असल्यास अधिक बरे.

आमच्या घरची महत्त्वाच्या कागदांची डिस्क मात्र कुलुपबंद आहे. तिचे ४८ अंक, सहा-सहांचे आठ गट पाडून, मुलीने कागदावर लिहिले आहेत व तो कागद घराच्या खरेदीखताबरोबर कपाटात असतो. दिवाळीच्या साफसफाईत त्या कागदावरून डिस्क उघडून पाहण्याचे काम आमच्या सौभाग्यवतींकडे आहे. आम्ही त्या वेळी खोलीबाहेर जातो. मागच्या खेपेस पाचवा गट यंत्राने नाकारला. या किल्लीतील प्रत्येक गटास ११ ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे चूक कोणत्या गटात आहे ते जागीच कळते. मुलीने लिहिलेला इंग्रजी सात आईने एक वाचला होता. तेव्हापासून आमच्या घरात इंग्रजी सातास मधोमध आडवी रेघ देतात.