मामांची बंदूक

वर्धा जिल्ह्यात बंदुकीचा परवाना मागणं म्हणजे एकादशीला मटणाचा भाव विचारणं. गांधीजी १९३६ साली येऊन राहिले ते सेवाग्राम इथलंच. पुलगावला लष्कराचं दारूगोळ्याचं भांडार आहे, आणि दारूबंदीच्या या जिल्ह्यात तेवढीच दारू राजरोस नांदते, पण ती सरकारी. आमच्या मामांची बारा बोअर मात्र खाजगी.

मामांचा संत्र्याचा मळा कारंजा तालुक्यात, बोरच्या जंगलाच्या अंगाला. रानडुकरांपायी त्यांनी पीकसंरक्षणाचा परवाना काढला. डुकरं बाराला घाबरतात. संत्रीचोर घाबरेनात.

"दोन पायाचं डुक्कर दिसलं का उडवतोच पाहा," मामा म्हणाले. "आत्मसंरक्षण हाय ना जी!"

हे ऐकून आमचे शेजारी वकीलसाहेब दचकले. (वकील फी घेतल्याशिवाय सहसा दचकत नाहीत.)

"मामाजी, संत्र्यासाठी माणूस मारता येत नाही. पूर्वी हे दंड संहितेच्या ९६ ते १०६ कलमांत होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आलं. आकडे बदलले, मतलब तोच. जिवावर बेतल्याची रास्त भीती वाटली, तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत तुमचा हक्क जातो. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग, इथंही जातो. साध्या चोरीत चोराला अडवा, झोंबा, दोन ठेवून द्या. जीव नाही. आणि गरजेपेक्षा काडीभरही जास्त नाही."

"अंधारात काडी मोजाची कशी?"

सवाल बिनतोड होता. १९६२ साली जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं, की संकटातल्या माणसाचा प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलता येत नाही. पण त्याच निकालात, माणसं पळत सुटल्यावर झाडलेल्या गोळ्यांना संरक्षण मिळालं नाही. धोका टळला की हक्कही संपला.

"म्हंजे चोरानं पाठ दाखवली का तो वाचला! मंग बंदूक कायले?"

वकिलांनी सेवाग्राम आश्रमातला साप धरायचा चिमटा आठवून दिला. साप मारायचा नाही, धरून दूर सोडायचा.

"चोराले चिमट्यानं धरू?" असं म्हणून मामांनी चहा मागवला.

पुढे आंबिया बहाराच्या तोडीआधी एका रात्री मी मामांबरोबर जागलीला होतो. बांधाजवळ सावली हलली. मामांनी बंदूक खांद्याला लावली. माझ्या पोटात गोळा आला, पण वकिलांची पंधरा मिनिटं कुठंतरी मुरली असावीत.

"कोन हाय रे? बोल लवकर!"

"मी हावो मामाजी. मारू नका."

सालदाराचा बारा वर्षांचा पोरगा. सदऱ्याच्या ओच्यात चार संत्री.

मामा मटकन बांधावर बसले. बंदूक मोडून दोन काडतुसं काढायला त्यांना पाच मिनिटं लागली. पोरगं रडत होतं, मामा त्याला "पाणी पी" म्हणत होते आणि तांब्या स्वतःच्याच तोंडाला लावत होते.

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ साली लोकसभेला एकदा, विधानसभेला एकदा. तेव्हा मामा यावर फार चिडायचे. आता आचारसंहितेची नुसती कुणकुण लागली तरी तालुक्यातून पहिली बंदूक त्यांची पोचते. निकाल लागून महिना झाला, की मामी ती आणायची आठवण करतात.

"राहू दे वं," मामा म्हणतात, "तिथं कोरडी राह्यते."