टोंगळे

बाजाराच्या दिवशी गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत मटण घ्यायला गेलात तर बकऱ्याच्या टोंगळ्याचा सांधा एकदा नीट बघा. हाडाच्या टोकावर निळसर पांढरा, ओला, बुळबुळीत थर असतो. नखाने खरवडला तरी निघत नाही. ही कूर्चा. माणसाच्या गुडघ्यात ती दोन ते चार मिलिमीटर जाड असते. तिला रक्तवाहिनी नाही, नसही नाही. म्हणून झिजायला लागते तेव्हा कळत नाही आणि फाटली की भरून येत नाही. ती भरून येत नाही हे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटरने लंडनमध्ये १७४३ सालीच नोंदवून ठेवले आहे.

*

इकडची सगळी कामे टोंगळ्यांच्या जिवावर. मोह वेचायचा वाकून. तेंदूपत्त्याचे सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे उकिडवे बसून. पाऊस लागला की भाताच्या बांधीत रोवणी, चिखलात पाय रुतवून. डोक्यावरचा भारा तर बारमाही.

*

अशा झिजलेल्या टोंगळ्यांवर आता मूलपेशींचा इलाज सांगतात: अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा नाळेतून मूलपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या, गुडघ्यात सोडायच्या. तिथे त्यांची कूर्चा होईल, अशी मूळ आशा. आता बरेच संशोधक म्हणतात की या पेशी तिथे फार टिकत नाहीत. जे रेणू सोडतात त्यांनी सूज शमते. संशोधक अर्नोल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये या पेशींना मूलपेशी हे नाव रूढ केले आणि २०१७ मध्ये त्यांनीच लेख लिहून नाव बदला म्हटले. असा माणूस विरळा.

*

स्वतःच्याच कूर्चेतल्या पेशी वाढवून तिच्यातला खड्डा बुजवण्याचा प्रकार निराळा. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांचे निष्कर्ष छापले तेव्हापासून तो चालत आला आहे. मुंबईच्या रिग्रो कंपनीच्या 'कार्टिग्रो'ला भारतात २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सच्या मूलपेशींच्या औषधाला गुडघ्याच्या संधिवातासाठी २०२२ मध्ये. पण अमेरिकेत पावणेपाचशे रुग्णांवर झालेल्या चाचणीत, २०२३ मध्ये, तीन तऱ्हेच्या पेशींपैकी एकही साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा वर्षाअखेर सरस ठरली नाही. जाहिरातीत हे नसते.

*

समजा, पेशी एटापल्लीपर्यंत आल्या. द्रवरूप नायट्रोजनच्या डब्यातून येतीलही. खड्डा बुजवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र कित्येक आठवडे त्या पायावर पूर्ण भार द्यायचा नसतो; कुबड्या, मग व्यायाम. रोवणीच्या दिवसांत बाई घरी बसली तर तिच्या बांधीत कोण उतरणार? या प्रश्नाचे उत्तर पेशीत नाही. त्याआधीच्या गोष्टीच इथे नीट पोहोचायला हव्यात: वेळेवर एक्स-रे, मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम शिकवणारे कोणी, आणि पार झिजलेल्या सांध्याच्या जागी कृत्रिम सांध्याच्या रोपणाची सोय.

*

आणि या जिल्ह्यात सांध्याचे एक दुखणे वयाची वाट बघत नाही. सिकलसेल. कोयत्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी मांडीच्या हाडाच्या गोळ्याकडे जाणारे रक्त अडवतात, हाड मरते, गोळा बसतो आणि वरची कूर्चाही जाते. पंचविशीतला पोरगा लंगडतो. पॅरिसजवळच्या क्रेतेईमध्ये हाडांचे डॉक्टर फिलिप एर्निगू यांनी अशाच रुग्णांच्या कमरेच्या हाडातली मज्जा काढून, दाट करून, त्या गोळ्यात सोडली. फायदा होतो, पण गोळा बसण्याआधी केले तर. तेवढ्या लवकर साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआय लागतो. तो ग्रामीण रुग्णालयात नसतो.

मूलपेशींचा एक पक्का, मान्य उपयोग मात्र याच आजारात आहे: जुळणाऱ्या भावा-बहिणीच्या रक्तमूलपेशींचे रोपण. त्याने रक्त सुधारते. बसलेला गोळा परत येत नाही.

*

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य आजारांतले रक्तमूलपेशींचे रोपण सोडून मूलपेशींचे बाकीचे वापर फक्त नोंदवलेल्या चाचणीतच करता येतात. मंजुरी मिळालेले औषध असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा चंद्रपूर-नागपुरात कुणी "नवीन कूर्चा उगवून देतो" म्हणाले तर आधी दोन गोष्टी विचारा: औषधाला केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी आहे का, आणि नसेल तर चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला (सीटीआरआय) नोंदणी क्रमांक काय. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. चाचणीसाठी पैसे मागितले तर उठून या. शेत विकायचे हे कारण नव्हे.