जड डोक्याच्या रॅकेटीला

प्रिय रॅकेट,



तू दुकानात सगळ्यात वरच्या ओळीत टांगलेली असतेस. काळा मॅट रंग, कडेला एखादी लाल रेघ, आणि गळ्यातल्या कार्डावर ‘पॉवर’ची पट्टी शेवटच्या टोकापर्यंत भरलेली. तुझं गिऱ्हाईक मला आता दारातूनच ओळखू येतं. चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे वय, आठवड्यातून तीन-चार सकाळी हॉलवर डबल्स. स्मॅश मारला तर एक नेटमध्ये जातो आणि पुढचा समोरचा माणूस हसत हसत उचलतो. “जरा पॉवरवाली दाखवा,” असं म्हटलं की दुकानदार काठी वर करून तुलाच खाली काढतो.

तुझ्याशी माझं भांडण नाही. तू उत्तम आहेस, पण नको त्या हातात फार जातेस. माझा राग आहे तो त्या कार्डावर. एका टोकाला ‘पॉवर’, दुसऱ्या टोकाला ‘कंट्रोल’, आणि पंधरा-वीस हजार मोजणाऱ्याने दोहोंतलं एक उचलायचं! पुन्हा हे दोन्ही रॅकेटीच्या आत भरून मिळतं, असा समज करून द्यायचा.

तुझ्या आत खरं तर काय असतं? बॅडमिंटनचे नियम तुझ्याबद्दल फार बोलत नाहीत. लांबी ६८० मिलिमीटर आणि रुंदी २३० मिलिमीटर, याच्या वर जायचं नाही, एवढंच. वजनाला बंधन नाही, म्हणून कंपन्यांची सगळी करामत वजनाची. योनेक्स कंपनीच्या हिशेबात ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. आकडा वाढला की वजन कमी, इथेच नवा माणूस पहिल्यांदा गडबडतो. पण हे आकडेसुद्धा अर्धीच गोष्ट सांगतात. दोन ४यू रॅकेटी काट्यावर सारख्या भरतात, आणि हातात घेतल्या तर एक पिसासारखी फिरते, दुसरी मनगट ओढते. कारण वजन किती यापेक्षा ते कुठे बसवलंय, याला जास्त महत्त्व आहे.

ते बघायला यंत्र लागत नाही. रॅकेट तर्जनीवर आडवी ठेवायची, तोल सापडेपर्यंत सरकवायची, आणि मुठीच्या बुडापासून त्या जागेपर्यंत टेप लावायची. साधारण २८५ ते २९५ मिलिमीटरच्या दरम्यान तोल सापडला तर रॅकेट समतोल. त्याच्या खाली डोकं हलकं, वर डोकं जड. तू तीनशेच्या आसपास किंवा पुढे जातेस. हातोडीचा दांडा शेवटाला धरला की ठोका जोरदार बसतो, पण पुढच्या ठोक्यासाठी ती वर न्यायलाही तेवढीच ताकद आणि तेवढाच वेळ जातो. तुझं सगळं गुण-दोष प्रकरण या एका वाक्यात आलं.

म्हणजे तू खोटी नाहीस. समोरच्याने उंच टॉस दिलाय, शटलखाली पाय वेळेवर पोचलेत, खांदा मागे गेलाय, कोपर वर आहे, आणि हात पूर्ण फिरायला जागा आहे. अशा वेळी तुझं डोक्यातलं वजन शटलच्या मागे उभं राहतं आणि स्मॅश खाली टोचतो. डेन्मार्कचा व्हिक्टर अ‍ॅक्सेलसन तुझ्याच कुळातली अ‍ॅस्ट्रॉक्स १०० झेडझेड वापरत आला, आणि त्याला ती शोभते. पण तो १.९४ मीटर उंच आहे, आणि पाय वेळेवर पोचवणं हा त्याचा व्यवसाय.

आमच्या हॉलवर असा टॉस किती वेळा मिळतो? सहा मीटर दहा सेंटिमीटर रुंदीच्या अर्ध्या कोर्टात दोघे उभे. सर्व्हिस, रिटर्न, मग छातीच्या उंचीवर चाललेले ड्राइव्ह, मध्येच कोणीतरी अंगावर मारलेला स्मॅश. इथे हात मागे न्यायला वेळच नसतो. रॅकेट जेमतेम वीतभर हलते आणि तेवढ्यात काम उरकावं लागतं. वीतभराच्या या फटक्यात तुझं जड डोकं वेग घेईपर्यंत शटल कमरेपाशी आलेलं असतं. माणूस म्हणतो, “डिफेन्स कमजोर झालाय हल्ली.” डिफेन्स होता तेवढाच आहे. फक्त रॅकेट अर्धा क्षण उशिरा पोचते. ताकद दोन प्रकारची असते, लांब फटक्याची आणि आखूड फटक्याची, आणि तुझ्या कार्डावरची पट्टी फक्त पहिली मोजते.

आता तुला जरा टोचेल अशी गोष्ट सांगतो. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधल्या सोका इथे, योनेक्सच्या कारखान्याच्या जिममध्ये, सात्विकसाईराज रंकीरेड्डीने मारलेला स्मॅश ताशी ५६५ किलोमीटर भरला आणि गिनीजमध्ये गेला. हा सात्विक म्हणजे आपल्या मुंबईच्या चिराग शेट्टीचा डबल्समधला जोडीदार. त्याआधीचा विक्रम मलेशियाच्या तान बून हिआँगचा होता, २०१३ मधला, ताशी ४९३. विक्रमाच्या वेळी सात्विकच्या हातात होती नॅनोफ्लेअर १००० झेड. ती तुझ्या घरातली नव्हे. नॅनोफ्लेअर ही मालिकाच हलक्या डोक्याची म्हणून विकली जाते.

यावरून हलकं डोकं श्रेष्ठ, असंही कोणी काढू नये. तो वेग शटल तारांवरून सुटतानाचा आहे. सोळा पिसांचा तो घेर हवेला असा अडतो की पलीकडे पोचेपर्यंत त्यातला बराचसा वेग संपलेला असतो. शिवाय तो स्मॅश स्पर्धेत मारलेला नाही. तरी एक गोष्ट पक्की ठरते. वेग जन्माला येतो तो फिरण्यातून. खांदा, मग कोपर, मग शेवटी दंडाखालचा हात पिळला जातो आणि मूठ आवळते. आपल्याकडे सगळे जण या पिळण्याला ‘मनगट’ म्हणतात, असो. ज्याला ही साखळी जमते तो हलक्या डोक्यालाही इतका वेग देतो की वजनाची उणीव भरून निघते. ज्याला जमत नाही त्याला तू आणखी हळू करतेस.

तुझ्या दांड्याचंही थोडं बोललं पाहिजे. दुकानात लोक तुला दोन्ही हातांनी वाकवून बघतात आणि “कडक आहे” म्हणून खूश होतात. कडक शाफ्ट म्हणजे भारी रॅकेट, हा समज कुठून आला देव जाणे. फटक्याच्या सुरुवातीला शाफ्ट मागे वाकतो आणि शटलला भिडताना सरळ होतो. या सरळ होण्याची वेळ जुळली तर फुकटचा वेग मिळतो. ज्याचा हात झपकन फिरतो त्याला कडक शाफ्ट हवा, कारण मऊ शाफ्ट त्याच्यासाठी उशिरा परततो आणि शटलची दिशा भरकटते. ज्याचा हात सावकाश फिरतो त्याच्याकडून कडक शाफ्ट वाकतच नाही. मग तो नुसती काठी फिरवतो आणि संध्याकाळी कोपराला मलम चोळतो. मध्यम लवचीक शाफ्ट घेण्यात कमीपणा नाही, पण हे दुकानात सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो.

आणि ताबा? तुझ्या बहिणींच्या कार्डांवर ‘कंट्रोल’ लिहिलेलं असतं, पण त्यातला मोठा वाटा तुम्हा कोणाकडेच नाही. फ्रेमचं एक काम खरं आहे. शटल मध्यावर न लागता कडेला लागलं तर डोकं पिळवटू न देणं. डोक्याचा आकार अंडाकृती सोडून वरून चौकोनी झाला तोही त्यासाठीच, नीट बसणाऱ्या जागेचा पट्टा वाढावा म्हणून. बाकीचा ताबा गटिंगमध्ये, म्हणजे तारांच्या विणीत आहे, आणि गटिंगकडे कोणी बघत नाही.

आमच्या भागातल्या गटिंगवाल्याच्या टेबलाशी थोडा वेळ उभं राहिलं तरी माणूस शहाणा होईल. यंत्रावर फ्रेम सहा ठिकाणी आवळलेली असते. आधी उभ्या तारा, मधल्यापासून बाहेर, डावी-उजवी आलटून पालटून, अशा बावीस. मग आडव्या, एक वरून एक खालून विणत, आणि प्रत्येक ओढल्यावर नखाने सारून सरळ केलेली. जुनं गटिंग कापण्याआधी तो तारा बोटाने बाजूला करून दाखवतो. जिथे उभी आणि आडवी तार एकमेकींवर घासतात तिथे बारीक खाचा पडलेल्या असतात. तार तुटलेली नसते, पण मेलेली असते. तळहाताने दाबली तर चादरीसारखी आत जाते. अशा गटिंगवर तीन-तीन वर्षं खेळून लोक नवी रॅकेट घ्यायला येतात.

तो विचारतो, “किती पाउंड?” गिऱ्हाईक कुठून तरी ऐकलेला आकडा फेकतं, “अठ्ठावीस.” मोठे खेळाडू त्याच्याही वर जातात, हे खरंच आहे. पण ताण वाढला की तारा कमी दबतात, शटल क्षणभरच टेकतं आणि सुटतं. फटका अचूक असेल तर दिशा चोख मिळते, नसेल तर काहीच मिळत नाही. नीट बसण्याची जागाही आक्रसते. ताण कमी असला तर तारा ट्रॅम्पोलिनसारख्या ढकलतात आणि सावकाश हाताचा टॉससुद्धा मागच्या रेषेपर्यंत जातो, फक्त नेटवरच्या नाजूक कामात शटल थोडं जास्त उडतं. म्हणजे पॉवर-कंट्रोलचं जे भांडण तुझ्या कार्डावर छापलंय, ते बरंचसं या टेबलावर तीन-चार पाउंड वर-खाली करून मिटतं. सकाळच्या डबल्सवाल्याला बावीस-तेवीस पुष्कळ झाले. तारही निवडता येते. बीजी ६५ ही ०.७० मिलिमीटर जाडीची, दणकट, कोणाचीही टिकते. बीजी ६६ अल्टिमॅक्स ०.६५ ची, फटक्याला टणत्कार छान देते आणि लवकर तुटते. हा सगळा बदल हजाराच्या आतबाहेर होतो. तुझ्या किमतीत असे कितीतरी प्रयोग बसतात.

ग्रिपची तर गंमतच आहे. तुला विकत घेतल्यावर पहिलं काम कोणतं, तर मूळ ग्रिपवर एक ओव्हरग्रिप, त्यावर घाम येतो म्हणून टॉवेल ग्रिप. हे सगळं ग्रॅमावारी वजन मुठीकडे पडतं आणि तुझा तोल काही मिलिमीटर खाली सरकतो. ज्या जड डोक्यासाठी एवढे पैसे मोजले, त्यातलं थोडं माणूस स्वतःच्या हाताने उतरवून टाकतो. आणि जाड झालेली मूठ बोटांत फिरत नाही. फोरहँडवरून बॅकहँडला जाताना अंगठा सरकायला हवा, तो अडकतो. योनेक्सची जी५ मूठ जी४ पेक्षा बारीक. ग्रिपवर ग्रिप चढवणाऱ्याने आधी बारीक मूठ घ्यावी आणि हवी तेवढी वाढवावी. मुळात जाड असलेली कमी करता येत नाही.

तुझ्या पूर्वजांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर लाकडी रॅकेटीने खेळले. तुझ्याहून कितीतरी जड. खेळून झालं की ओल-उन्हाने वाकू नये म्हणून चार स्क्रूंच्या लाकडी चौकटीत आवळून ठेवायची. त्या काळातल्या रॅकेटीने १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलँगरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली. परदेशात असं विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा बॅडमिंटनचा पहिला मानकरीही तेच. त्यांचं नाव निघालं की जुनी मंडळी स्मॅशच्या वेगाबद्दल बोलत नाहीत. कुठे मारणार ते शेवटपर्यंत कळू न देणाऱ्या हाताबद्दल बोलतात. त्या लाकडाला कार्ड लावलं असतं, तर ‘कंट्रोल’ची पट्टी बहुधा रिकामी राहिली असती.

तर मग तू कोणाकडे जावंस? आमच्या हॉलवर अशी एक पोरगी आहे. कॉलेजात शिकते, उंच आहे, खांदा मोकळा आहे, सिंगल्स खेळते. मागच्या रेषेवरून उडी मारून स्मॅश मारल्यावर पुढच्या शटलला तिचे पाय तयार असतात. ती सध्या समतोल रॅकेटीने खेळते आणि शॉट टोचत नाही म्हणून कुरकुरते. तिच्या हातात तू शोभशील. तिला हवी आहेस तू ४यूमध्ये, चोवीस-पंचवीस पाउंडांवर. आधी कोणाची तरी मागून दोन आठवडे खेळून बघायला मी तिला सांगितलंय, तेव्हा लगेच हुरळून जाऊ नकोस.

आणि चाळिशीचे ते गृहस्थ पुन्हा आले, तर दुकानदाराच्या काठीला जरा उशिरा सापड. तेवढ्यात मी त्यांना खालच्या ओळीतली समतोल, मध्यम शाफ्टची, चार-पाच हजारांची रॅकेट दाखवतो. उरलेल्या पैशांत चांगलं गटिंग आणि वर्षभराची शटलं येतात.

तुझ्या सुखरूपतेची काळजी असणारा,
सकाळच्या बॅचमधला एक डबल्सवाला

ता. क. कोणीही घरी नेलं, तरी मे महिन्यात तुला गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही, हे बजावून सांग. तापलेल्या डिकीत गटिंग ढिलं पडतं, आणि मग लोक पुन्हा तुलाच नावं ठेवतात.